वस्तादाचा खुराक

मुलांच्या मोबाइलमधल्या साहसी खेळांत एक पात्र हमखास असते. तरुणपणी मोठा लढवय्या, आता वय झालेले, लढणे सोडलेले, आणि गावाच्या एका कोपऱ्यात व्यायामशाळा चालवणारा. खेळाचा नायक, म्हणजे आपला मुलगा, त्याच्याकडे जातो, चार नाणी मोजतो, पडद्यावर घाम गाळतो आणि त्याची ताकद दोन अंकांनी वाढते. आमच्या हजीऱ्याच्या वसाहतीतली मुले गेल्या वर्षी मंडपाच्या तयारीला बसली होती तेव्हा त्यांचा वाद यावरच चालला होता, की नाणी ताकदीवर घालावीत की चपळाईवर. मी म्हटले, अरे, हा तर आपला वस्ताद. तर एकाने विचारले, "काका, वस्ताद म्हणजे?" त्याच्या पणजोबांनी खानदेशातल्या जत्रांत कुस्त्या मारलेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्याला 'उस्ताद' माहीत होता, पण तोही तबल्याचा.

त्या खेळातल्या वस्तादाची एक मोठी सोय आहे. तो चोवीस तास उभा असतो. त्याला भूक लागत नाही, गुडघा दुखत नाही, घरभाडे द्यावे लागत नाही. आपल्या इतिहासातल्या वस्तादाला मात्र पोट होते. मल्ल तीस-पस्तिशीत निवृत्त होतो. आम्ही सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि २००५ नंतर लागलेल्या माझ्यासारख्यांना तेव्हाही पेन्शनची चिंता आहेच. मग ज्याचे काम पस्तिशीतच संपते आणि ज्याच्या अंगाला दूध-तूप-बदामाची सवय जडलेली असते, त्याचे पुढे काय होत असेल? कुस्तीच्या इतिहासात गदा, फेटे, मिरवणुका यांची वर्णने भरपूर सापडतात. लढणे संपल्यावर त्या माणसाला कोणी पोसले, हे त्या मानाने कमी लिहिले जाते. आणि माझ्या समजुतीप्रमाणे विद्या टिकली की बुडाली, हे त्यावरच ठरत आले आहे.

आपण गुजरातेतले मराठी, तेव्हा सुरुवात बडोद्यापासून करणे भाग आहे. सुरतेच्या आसपासचा बराच मुलूख, म्हणजे नवसारी, व्यारा, सोनगड, हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होता. सोनगड तर पिलाजीरावांचे पहिले ठाणे. बडोद्यातही एक हजीरा आहे. गुजरातीत हजीरो म्हणजे मकबरा. प्रतापनगरच्या बाजूला असलेल्या त्या सोळाव्या शतकातल्या इमारतीत कुतुबुद्दीन महंमद खान हा अकबराचा सरदार पुरलेला आहे. त्याची एक ओळख लढवय्या म्हणून आणि दुसरी शहाजादा सलीमचा अतालीक म्हणून, म्हणजे राजपुत्राला वळण लावणारा पालक-शिक्षक. लढून झाले की शिकवायचे, ही रीत जुनी आहे. फक्त बादशहाच्या पोराला शिकवणाऱ्याचा मकबरा होतो आणि गावच्या पोरांना शिकवणाऱ्याच्या नावाची पाटीही क्वचित लागते.

बडोद्यात अशी एक पाटी आहे. दांडिया बाजार भागातले जुम्मादादा व्यायाममंदिर. स्थापनेचे साल १८८० सांगतात. आपल्यातल्या अनेकांनी तिच्यासमोरून रिक्षा नेली असेल. जुम्मादादा हे जुन्या पिढीतले उस्ताद. त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव. संस्था नावारूपाला आणली ती माणिकरावांनी, त्यांना सयाजीराव महाराजांनी 'राजरत्न' केले, मोडलेली हाडे बसवण्यासाठी लांबलांबचे लोक त्यांच्याकडे येत, तरी पाटीवर नाव राहिले ते गुरूचे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आमच्या खात्यात साहेब बदलला की पहिल्यांदा पाटी बदलते.

बडोद्याला ही विद्या आली कुठून? परंपरा पुण्याकडे बोट दाखवते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात हैदराबादकडचे अली आणि गुलाब असे दोन नामांकित मल्ल आले, त्यांच्याशी लढायला कोणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर हा पोरसवदा तरुण उठला. तयारीसाठी तो वणीच्या सप्तशृंगीला गेला आणि तिथे त्याला मारुतीने लाकडी खांबावर कसरतीचे धडे दिले, अशी कथा सांगतात. पुढे त्याने अलीला पाडले आणि गुलाब लढायला उतरलाच नाही. कथेतला दैवी भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे सापुताऱ्याच्या घाटाने दर वर्षी वणीला जातात, त्यांना जागा तरी ओळखीची आहे. मला यात पुढचा भाग मोठा वाटतो. ती कुस्ती एका दिवसात झाली, पण बाळंभटदादांनी त्यानंतर मल्लखांब शिकवत राहण्यात आयुष्य घातले. १८१८ मध्ये पेशवाई गेली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, आणि आश्रयदाताच उठून गेल्यामुळे शिष्यप्रशिष्य काशी, बडोदे असे जिथे पोटाची सोय होईल तिथे पांगले. एक राज्य बुडाले म्हणून मल्लखांब हिंदुस्थानभर गेला, असेही म्हणता येईल.

बडोद्यात पोटाची सोय होती. खंडेराव महाराजांना कुस्त्यांचा आणि साठमारीचा नाद होता. सयाजीरावांचा कल शाळा आणि वाचनालयांकडे, पण पैलवानांचे दरबारातले स्थान त्यांच्या काळातही होते. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक बसका, गोलसर दगड ठेवला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने तो उचलला, अशी त्याची नोंद आहे. वजन सुमारे १२०० किलो सांगतात. मी डिप्लोमाचा माणूस असल्यामुळे तो दगड पाहताना आधी घनफळ काढले आणि मग मुकाट्याने बाजूला झालो. दगड किती उंच उचलला आणि किती पावले नेला, यावर संग्रहालयात येणारे लोक तास तास बोलतात. तोच गामा फाळणीनंतर पाकिस्तानात राहिला, पतियाळाच्या दरबाराचा आधार तुटला, आणि लाहोरात १९६० मध्ये तो गेला तेव्हा शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेलेली होती.

जुम्मादादांच्या आखाड्यात मात्र दुसरेच काही घडत होते. जुन्या तालमीत विद्या एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते. वस्ताद पाठीवर थाप मारतो, पाय सरकवतो, मान वळवतो. त्याच्यापाशी वीस-पंचवीस मुले शिकू शकतात, पाचशे नाही. माणिकरावांनी संघव्यायाम बसवला. शेकडो मुलांनी एका तालावर, देशी भाषेतल्या आज्ञांवर करायची कवायत. आज शाळेच्या मैदानावर "सावधान", "विश्राम" ऐकू येते तेव्हा त्यात नवल वाटत नाही, पण त्या काळी कवायत म्हणजे गोऱ्या सार्जंटची इंग्रजी, असाच समज होता.

१९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे डभोईत जन्मलेला एक मराठी तरुण शिकत होता. नाव जगन्नाथ गणेश गुणे. संस्कृतात हुशार, शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला. हाच पुढे स्वामी कुवलयानंद झाला आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला त्याने कैवल्यधाम काढले. आसन-प्राणायामाने शरीरात काय बदल होतात हे क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या यंत्राने तपासून पाहण्याची त्या काळी नवी असलेली वाट त्यांनी धरली. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समितीतही त्यांचा शब्द चालला. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, म्हणजे आपल्या इथल्या शाळांतल्या पी.टी.च्या तासामागे कुठेतरी दांडिया बाजारातली लाल माती आहे. गुजरातभर आखाड्यांची चळवळ पसरवणारे छोटुभाई आणि अंबुभाई हे पुराणी बंधूही त्याच पिढीतले. अंबुभाईंचा तर जन्मच सुरतेचा.

आणि बडोद्यानेच आणखी एक गोष्ट केली, तिचे ऋण आपण पुरेसे मानत नाही. आबासाहेब मुजुमदार, म्हणजे दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार, यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत काढला. दहा खंड. कुस्तीचे डाव, तोड, मल्लखांबाच्या उड्या, लाठी, बोथाटी, जंबिया, सगळे चित्रांसह. १९३६ मध्ये सुरू झालेले काम १९४९ मध्ये पुरे झाले. वस्ताद मेला की त्याच्याबरोबर चितेवर जाणारी विद्या कागदावर उतरवण्याचा हा एवढा मोठा खटाटोप मराठीत झाला, आणि तो पुण्यात किंवा कोल्हापुरात न होता गुजरातेत झाला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान विलीन झाले. योगायोगच, पण मला तो नेहमी चटका लावतो. एकीकडे शेवटचा खंड, आणि दुसरीकडे ज्या दरबाराच्या जिवावर हे सगळे उभे राहिले तो दरबारच संपला.

त्याच वर्षी दोन महिने आधी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूरही विलीन झाले होते. कोल्हापूरबद्दल सविस्तर लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचे भव्य क्रीडागृह पाहून आले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, जिथे कुठल्याही कोपऱ्यात बसले तरी मधला हौदा दिसतो. तालमी वाढल्या, पैलवानांना संस्थानातून खुराक मिळू लागला, उत्तरेतले मल्ल येऊन राहू लागले. हे सगळे राजाच्या मर्जीवर चालले होते. राजा गेल्यावर काय?

याचे उत्तर खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. तोवर ते मातीवर वाढलेले होते, गादीवरच्या कुस्तीचे नियम त्यांना तिथे जाऊन नीट कळले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमवताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. संस्थान जाऊन तीनच वर्षे झाली होती. राजाच्या जागी एक प्राध्यापक उभा राहिला होता.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्यपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण त्या दिवशी हेलसिंकीत आणखी एक गोष्ट घडली होती. एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावले. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते पंचांना ठणकावून सांगायला आपल्या पथकातले कोणीच बाजूला हजर नव्हते. दमलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. मैदानाच्या कडेला वस्ताद कशासाठी लागतो, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. डाव शिकवून झाल्यावर वस्तादाचे काम संपत नाही. पठ्ठ्याचा दम किती उरला आहे, हे पठ्ठ्याच्या आधी त्याला कळते, आणि भांडायची वेळ आली तर भांडायलाही तोच असतो.

खाशाबांचे स्वतःचे पहिले वस्ताद त्यांचे वडील दादासाहेब. तेही पैलवान. म्हणजे इथेही लढून झालेल्या माणसानेच पाच वर्षांच्या मुलाला मातीत उतरवले होते. खाशाबा १९५५ मध्ये पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्यात त्यांनी मुलांना कुस्ती शिकवली, खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, आणि तरी बावीस वर्षे त्याच हुद्द्यावर राहिले. सहायक पोलिस आयुक्त म्हणून १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. सरकारी नोकरीतली माणसे ही तारखांची ओळ वाचतात तेव्हा त्यांना जे समजते ते इतरांना समजणार नाही. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलिसाची नोकरी नसती तर हेलसिंकीचा तो मल्ल कुठे गेला असता? स्वातंत्र्यानंतर पैलवानाचा खुराक राजवाड्यातून निघून पगारपत्रकावर आला. पोलिस, रेल्वे, सैन्य, साखर कारखाने. पगार कमी असेल, बढती रखडेल, पण पहिल्या तारखेला काहीतरी हातात येई. ज्याला असे काही मिळाले त्याने पुढे पोरे घडवली. ज्याला मिळाले नाही तो गावी जाऊन शेतीत किंवा मजुरीत मिसळून गेला आणि त्याच्याजवळचे डावही त्याच्याबरोबर गेले.

कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीतले गणपतराव आंदळकर हे ज्यांचे नीट जमले त्यांच्यातले. सांगली जिल्ह्यात शिराळ्याजवळच्या पुनवतचे. १९६० मध्ये हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य, १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिक. पुढे मोतीबागेत त्यांनी वस्तादकी केली ती थेट म्हातारपणापर्यंत. त्यांचे पठ्ठे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले, आणि लढणे संपल्यावर तेही त्याच मोतीबागेत वस्ताद झाले. आंदळकर सप्टेंबर २०१८ मध्ये गेले आणि वर्षभराने, ऑक्टोबर २०१९ मध्ये, दादूमामा.

अशा तालमीत वस्ताद नेमके काय करतो, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. पहाटे मुले उठतात ती आधी हौद्यातली माती उकरायला. तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले. मऊ माती पडणाऱ्याला सांभाळते आणि खणणाऱ्याचे खांदे घडवते. मग जोर, बैठका, सपाटे. मग लढती. वस्ताद कडेला बसलेला असतो, बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. एखाद्या नवख्याला वाटेल, म्हातारा डुलक्या काढतो आहे. तेवढ्यात तो एकाच मुलाचे नाव घेऊन "टाच" एवढेच म्हणतो, कारण ढाक मारताना त्याची टाच उचलली जात असते आणि समोरचा त्याच क्षणी त्याला फिरवणार असतो. हे पुस्तकात लिहिता येते, मुजुमदारांनी लिहिलेही आहे. पण ते त्या अर्ध्या क्षणात दिसायला स्वतः शंभर वेळा तसे पडलेले असावे लागते. जोड लावणे हेही त्याचेच काम. जत्रेत कोणाची कुस्ती कोणाशी लावायची? वजन, वय, दम आणि मनाची तयारी पाहून. इनामाच्या लोभाने वरच्या जोडीत ढकललेला पोरगा खांदा उतरवून घरी आला की तो परत उभा राहीलच असे नाही. वस्ताद त्याला सहा महिने थांबवतो, आणि थांबवल्याबद्दल पोराच्या बापाची बोलणीही खातो.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपल्यात म्हणतात. शिष्य उलटला तर उपयोगी पडावा म्हणून. मला हे लढणाऱ्यांनी बनवलेले वाक्य वाटत नाही. ज्याची भाकरी शिष्याच्या नावावर चालते तो डाव कशाला राखेल?

हरिश्चंद्र बिराजदारांकडे पाहावे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा मल्ल १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला. लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव राहिले ते १९७७ च्या बेळगावच्या कुस्तीमुळे. समोर दिल्लीचा सतपाल. गुरू हनुमानांचा पठ्ठा, उंचापुरा, त्या काळी त्याला अडवणारे कोणी नाही असा बोलबाला. बिराजदारांनी त्याला हरवले. ज्या घरांत कुस्तीचे वेड आहे त्या घरांत अजून त्या कुस्तीची वर्णने होतात, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्मे तरी आपण स्वतः मैदानात होतो असे सांगतात.

पण माझ्या मते त्या दोघांची खरी लांबलेली कुस्ती बेळगावनंतर सुरू झाली. दोघेही वस्ताद झाले. सतपाल यांनी १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि पुढे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मुले तयार केली. सुशील कुमारची २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक पदके, योगेश्वर दत्तचे २०१२ चे, रवी दहियाचे टोकियोचे, ही सगळी त्या आवारातून निघाली. तिथे सरकारी जागा होती, राहण्याची सोय होती, पुढे लष्कर-रेल्वेच्या नोकऱ्या होत्या. बिराजदारमामा पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत शिकवत राहिले. जुन्या शहरातली जुनी तालीम, आणि तिला जेवढे बळ मिळेल तेवढे. त्यांच्या हाताखाली काका पवार तयार झाले, अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचले, आणि लढणे संपल्यावर त्यांनी कात्रजला कुस्ती संकुल चालवायला घेतले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी मामांकडे शिकला, मामा गेल्यावर काका पवारांकडे. २०१८ च्या गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले आणि ते बिराजदारमामांना अर्पण केले. मामा सप्टेंबर २०११ मध्येच गेले होते. पुढच्या वर्षी राहुलने जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवले. आज तो महाराष्ट्र पोलिसात उपअधीक्षक आहे. खाशाबा ज्या हुद्द्याच्या जवळपास निवृत्त झाले, तिथून त्याची नोकरी सुरू झाली. एवढा फरक पडायला साठेक वर्षे लागली.

पदकांची बेरीज केली तर छत्रसाल पुढे आहे, हे मान्य करावे लागेल. महाराष्ट्रातले कुस्तीप्रेमी यावर माती विरुद्ध गादी असा वाद घालतात. माती सोडायला उशीर केला म्हणून मागे पडलो, असे एक म्हणतो, दुसरा मातीची थोरवी गातो. वाद खोटा नाही. जत्रेतली कुस्ती अर्धा तास खडाखडीत जाऊ शकते, गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर निकाल लागतो, आणि चाळीस वर्षे मातीत बसलेल्या वस्तादाला तो हिशोब नव्याने शिकावा लागला. तरीही मला वाटते, फरक मातीपेक्षा तालमीच्या हिशोबवहीत जास्त आहे. पैलवान निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला शिकवण्याचे काम आणि त्याचा मोबदला मिळतो का, याची व्यवस्था तिकडे आधी लागली.

पतियाळाला १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथला प्रशिक्षणाचा डिप्लोमा असला तर सरकारी प्रशिक्षकाची नोकरी मिळण्याचा रस्ता खुला होतो. डिप्लोमाच्या कागदाला हसणाऱ्यांपैकी मी नाही, माझे घर त्याच कागदावर चालते. पण आठवी-नववीत शाळा सुटलेल्या, जन्म तालमीत काढलेल्या पैलवानाला तो कागद मिळवणे कठीण, आणि ज्याला मिळतो त्याने ती शंभर पडझडी सोसलेली असेलच असे नाही. महाराष्ट्र सरकार महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी अशा मल्लांना मानधन देते, ते योग्यच आहे. ज्याने गदा जिंकली नाही, जो जिल्ह्यापर्यंतच लढला, पण ज्याने पुढे दोनशे पोरे मातीत उतरवली, तो त्या यादीत कुठून येणार?

आपल्या सुरतेत अशी माणसे आहेत. लिंबायत, उधना, डिंडोलीकडे खानदेशातून आलेल्या घरांत विचारा, धुळे-जळगाव-नंदुरबारच्या जत्रांत लढलेला एखादा काका, एखादा आजोबा निघतोच. इकडे हजीऱ्याला कारखाने आले तेव्हापासून पाहरेकऱ्यांत आणि कंत्राटी कामगारांतही काही निघाले. त्यांचा कान सांगतो. मोडून, चघळलेल्या सुपारीसारखा झालेला कान जिथे दिसेल तिथे ओळखावे. आमच्या ओळखीचे असे एक गृहस्थ आहेत, साठीच्या पुढचे. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही. कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करून सकाळी सहाला सुटतात आणि घरी जाण्याआधी वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत सात-आठ मुलांकडून जोर काढून घेतात. फी नाही. हौदाही नाही, तापीच्या मुखाजवळची आमची वाळू, ती काही तांबडी माती नव्हे. त्यांना मी एकदा विचारले, की शहरात एवढ्या वातानुकूलित जिम निघाल्या, तिथे प्रशिक्षक म्हणून का जात नाही? ते म्हणाले, "गेलतो. म्हणे, सर्टिफिकेट दाखवा. कान दाखवला."

त्या जिमना नावे ठेवायची नाहीत. तिथे माझाही मुलगा जातो आणि त्याचे खांदे माझ्यापेक्षा नक्कीच बरे आहेत. तिथला प्रशिक्षक पंचविशीचा, मोबाइलवर वेळ लावून साठ सेकंदांची विश्रांती मोजतो, डब्यातली प्रथिनांची पावडर विकतो, महिन्याची फी आगाऊ घेतो. म्हणजे राजा, मग सरकार, आणि आता ग्राहक, असा खुराक देणारा बदलत आला आहे. ग्राहकाला मोठे दंड तीन महिन्यांत हवे असतात. टाच उचलली जाते हे सांगणाऱ्यासाठी तो पैसे मोजत नाही, कारण त्याला कोणाशी लढायचेच नाही.

आमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांना येत्या मार्चपासून कामावरून कमी करणार आहेत, वयामुळे. ते गावी, पारोळ्याकडे जायचे म्हणतात. सकाळच्या मुलांतल्या दोघांच्या आयांनी आपापसात ठरवून त्यांच्या खोलीचे भाडे भरायची तयारी दाखवली आहे, आणि तिसऱ्या घरातून रोज लिटरभर दूध पोचवायचे कबूल झाले आहे. चौथे घर अजून विचार करते आहे.